मापनाचा क्रम आणि मापन उलटवणं : क्वांटमबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकच्या कॉलेज रोडवर शनिवारी संध्याकाळी आमचा भौतिकशास्त्राचा अड्डा जमतो. बीएस्सी-एमएस्सीची मुलं, सातपूर-अंबडच्या कंपन्यांतले काही इंजिनिअर आणि निवृत्तीनंतर नव्याने शिकायला बसलेले एक-दोन काका. क्वांटमचा विषय निघाला की ठरावीक प्रश्न हमखास येतात आणि घरी पोहोचेपर्यंत तेच पुन्हा व्हॉट्सॲपवर येतात. म्हणून हे पान. दोनच धागे आहेत: मापन आधी-नंतर केल्याने काय फरक पडतो, आणि झालेलं मापन परत फिरवता येतं का. सुरुवातीचे प्रश्न बारावीच्या मुलांना झेपतील. शेवटचे एमएस्सीवाल्यांनी मुद्दाम छळायला विचारलेले आहेत.

१. मापन म्हणजे नक्की काय? ते व्हायला कोणी बघणारं लागतं का?

नाही लागत. १९२२ साली फ्रँकफुर्टमध्ये ओटो स्टर्न आणि वाल्टर गेर्लाख यांनी चांदीच्या अणूंचा झोत विषम चुंबकीय क्षेत्रातून सोडला. झोत दुभंगला आणि काचेच्या पट्टीवर चांदीचा थर दोन वेगळ्या जागी बसला. खोलीला कुलूप लावून दोघे घरी गेले असते तरी तो तसाच बसला असता. 'जाणीव', 'चेतना' वगैरे शब्द इथे लागत नाहीत.

एक बारकावा मात्र आत्ताच पक्का करा, कारण पुढे तो सतत लागणार आहे. चुंबकाने झोत दुभंगला एवढ्याने मापन होत नाही. त्या क्षणी अणूचा स्पिन (त्याचा अंगभूत कोनीय संवेग, इथे 'वर' किंवा 'खाली') आणि अणूची वाट यांची फक्त सांगड पडलेली असते. अणू काचेवर आदळतो, चिकटतो, आजूबाजूचे असंख्य अणू हलतात, थोडी उष्णता पसरते, तेव्हा कुठे नोंद होते. सांगड आणि नोंद ह्या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. पाठ्यपुस्तकं बहुधा दोन्ही एकाच ओळीत उरकतात, आणि अर्धा गोंधळ तिथेच सुरू होतो.

२. दोन मापनांचा क्रम बदलला तर उत्तर का बदलतं?

चुंबक उभा ठेवा आणि 'वर' गेलेले अणू तेवढे घ्या. ते पुन्हा उभ्या चुंबकातून सोडले तर सगळेच्या सगळे वर जातात. आता मध्ये एक आडवा चुंबक लावा, त्यातून 'उजवीकडे' गेलेले निवडा आणि मग पुन्हा उभ्या चुंबकातून सोडा. निम्मे वर, निम्मे खाली. पहिल्या मापनाने मिळालेली खात्री मधल्या मापनाने घालवली.

उभं मापन आधी आणि आडवं नंतर केलं तर अणू शेवटी 'उजवी' किंवा 'डावी' अवस्था घेऊन बाहेर पडतो. क्रम फिरवला तर 'वर' किंवा 'खाली'. शेवटची अवस्थाच वेगळी, म्हणून पुढचे आकडेही वेगळे. 'उपकरणाचा धक्का लागतो म्हणून असं होतं' हे स्पष्टीकरण अजून शिकवलं जातं, पण ते अपुरं आहे. उपकरण कितीही हलक्या हाताचं असो, उभा आणि आडवा स्पिन दोन्ही एकाच वेळी निश्चित असतील अशी अवस्थाच ह्या सिद्धांतात नाही.

३. सर, हे घरी करून बघता येईल का? की सगळं परदेशी लॅबमध्येच?

येईल, आणि खर्च जवळजवळ शून्य. एम. जी. रोडला दुरुस्तीच्या दुकानात विचारलंत तर मेलेला कॅल्क्युलेटर मिळून जातो. त्याच्या डिस्प्लेच्या पुढच्या काचेवर करड्या रंगाची पारदर्शक फिल्म चिकटवलेली असते, तोच पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेत कंपन पावणारा प्रकाश पार होऊ देणारी गाळणी. हेअर ड्रायरने किंचित गरम करून एका कोपऱ्यातून नखाने उचला आणि सावकाश ओढा. काच कागदासारखी पातळ असते, कडाकडा मोडते, तेव्हा हातमोजे घाला. मागच्या बाजूच्या फिल्मला चंदेरी थर असतो, ती नको. मोबाइलच्या फिल्मला कधी कधी आणखी थर असतात आणि निकाल गोंधळात टाकतात, म्हणून कॅल्क्युलेटरच बरा. कापायच्या आधी फिल्मभर पेनाने समांतर रेघा मारून ठेवा. नाहीतर तुकडे झाल्यावर कोणता कसा धरायचा ते कळणार नाही.

तीन तुकडे करा. एकाच्या रेघा उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या, दोन्ही एकावर एक धरून खिडकीकडे बघा: काळोख. तिसरा तुकडा ४५ अंशांत तिरका करून दोघांच्या पुढे धरा. काळोखच. मागे धरा. तरीही काळोख. आता तोच तुकडा दोघांच्या मध्ये सरकवा. उजेड येतो! तुकडे तेच, कोन तेच, बदलला तो फक्त क्रम. आदर्श फिल्म असेल तर पहिल्या तुकड्यातून निम्मा, दुसऱ्यातून त्याच्या निम्मा आणि तिसऱ्यातून त्याच्याही निम्मा, म्हणजे मूळ प्रकाशाचा एक-अष्टमांश भाग पार होतो. प्रत्यक्षात फिल्म स्वतः थोडा प्रकाश गिळते, त्यामुळे थोडं कमी दिसेल.

इथे कोणीतरी हमखास म्हणतं की हे तर प्रकाशलहरींनीही समजावता येतं, यात क्वांटम काय? बरोबर आहे. फरक पडतो तो एकेक फोटॉन सोडला की. अर्धा फोटॉन कधीच पार होत नाही. होतो तर पूर्ण, नाहीतर नाहीच, आणि पार होण्याची शक्यता तीच, एक-अष्टमांश. शिवाय पोलरायझर हा गाळणीछाप प्रकार आहे: अडलेला फोटॉन तिथेच संपतो. स्टर्न-गेर्लाखमध्ये दोन्ही उत्तरांचे अणू हाती राहतात.

४. मग प्रत्येक वेळी क्रमाने फरक पडतोच का?

नाही. ज्या दोन राशींचे ऑपरेटर (राशीचं गणिती रूप) कम्यूट होतात, म्हणजे कोणत्याही क्रमाने लावले तरी तेच उत्तर देतात, त्यांचा क्रम कसाही ठेवा. एका कणाचं एका दिशेतलं स्थान आणि त्याला लंब दिशेतला संवेग, किंवा दोन वेगवेगळ्या कणांवरची कोणतीही दोन मापनं (यावर प्रश्न ११).

दोन अपवाद लक्षात ठेवण्यासारखे आहेत. एक, ऑपरेटर कम्यूट होत नसले तरी एखाद्या खास अवस्थेत क्रमाने काहीच बिघडत नाही. हायड्रोजनच्या सर्वांत खालच्या पातळीत कक्षीय कोनीय संवेगाचे तिन्ही घटक शून्य असतात. कोणताही आधी मोजा, उत्तर शून्य आणि अवस्था जशीच्या तशी. दुसरा अपवाद उलट्या बाजूचा. एकाच उत्तरात अनेक अवस्था मावत असतील, तर उपकरण कसं बनवलंय यावर बरंच ठरतं. 'उत्तर अमुक गटात आहे' एवढंच सांगणारं उपकरण गटाच्या आतलं सुपरपोझिशन (अनेक अवस्थांचं एकाच वेळचं क्वांटम मिश्रण) शाबूत ठेवतं. आतून बारीक मोजून बाहेर फक्त गट सांगणारं उपकरण ते मोडतं. छापील उत्तर दोघांचं एकच, पुढचं भविष्य वेगळं. हा भेद १९५१ मध्ये ल्यूडर्सने नीट मांडला.

५. डिटेक्टर वाजलाच नाही तर मापन झालं की नाही?

झालं. दोन वाटांपैकी एकीवर खात्रीचा डिटेक्टर आहे आणि तो गप्प राहिला, तर कण दुसऱ्या वाटेवर आहे हे कळलं आणि अवस्था तशी बदलली. डिटेक्टर अर्धवट खात्रीचा असेल तर शांततेने अवस्था थोडीशीच झुकते. हे 'थोडंसं झुकणं' प्रश्न ७ मध्ये कामाला येईल.

६. श्रोडिंगरचं समीकरण उलटं चालवता येतं. मग मापन का नाही?

१९३२ मध्ये फॉन नॉयमनने स्पष्ट लिहिलं की सिद्धांतात अवस्था बदलण्याचे दोन प्रकार आहेत. एक श्रोडिंगरचा, म्हणजे कोणी मोजत नसताना अवस्था काळाबरोबर बदलते तो: सुरुवातीच्या दोन वेगळ्या अवस्था शेवटीही वेगळ्याच राहतात, म्हणून शेवटावरून सुरुवात काढता येते. दुसरा मापनाचा. 'वर' हे उत्तर आलं, पण सुरुवातीला अवस्था शंभर टक्के 'वर' होती, की निम्मी-निम्मी, की ९० टक्के 'वर'? सगळ्यांचा शेवट एकच. कुठून आलो तेच हरवलं तर परत कुठे जाणार?

पण 'हरवलं' हा शब्द जपून वापरावा. १९५० मध्ये अर्विन हानने स्पिन एको दाखवला. अनेक स्पिन आपापल्या वेगाने फिरून एकमेकांशी विसंगत होतात, संदेश विरून जातो. मग योग्य वेळी एक रेडिओ स्पंद दिला की ते पुन्हा जुळतात आणि विरलेला संदेश परत येतो. एमआरआय यंत्रं हीच युक्ती रोज वापरतात. तिथे माहिती गेल्यासारखी दिसली होती, प्रत्यक्षात ती स्पिनांमध्येच होती. तेव्हा कुठलीही गोष्ट उलटत नाही असं कोणी सांगितलं, की आधी विचारावं: माहिती संपली आहे की नुसती पसरली आहे?

७. म्हणजे झालेलं मापन कधीच उलटवता येत नाही, असंच ना?

असं नाही, आणि ह्या पानावरचा माझा सर्वांत आवडता भाग हाच आहे. तीन पायऱ्या करा.

फक्त सांगड पडली असेल आणि नोंद झाली नसेल (प्रश्न १), तर सगळं पूर्ण उलटवता येतं. दुभंगलेल्या वाटा काळजीपूर्वक पुन्हा जोडल्या की मूळ अवस्था परत. प्रकाशाच्या आणि न्यूट्रॉनच्या इंटरफेरोमीटरमध्ये (झोत दोन वाटांनी नेऊन पुन्हा जोडणारं उपकरण) हेच चालतं.

दुसऱ्या टोकाला पूर्ण मापन. उत्तर पक्कं, नोंद पसरलेली. ते उलटवण्याची व्यावहारिक सोय नाही.

मधली पायरी अर्धवट मापनाची. असं मापन काही शक्यतेने उलटवता येतं ही कल्पना १९९२ मध्ये उएदा आणि कितागावा यांनी मांडली. २००६ मध्ये कोरोत्कोव आणि जॉर्डन यांनी घन पदार्थातल्या क्यूबिटसाठी (० आणि १ अशा दोनच अवस्थांची क्वांटम प्रणाली) योजना दिली आणि २००८ मध्ये सांता बार्बरा इथे ती अतिवाहक क्यूबिटवर करून दाखवली गेली. हिशेब इतका सोपा आहे की चहाच्या टपरीवर कागदाच्या पुडीवर करता येतो. क्यूबिट ० आणि १ यांच्या कुठल्यातरी मिश्रणात आहे, प्रमाण आपल्याला माहीत नाही. उपकरण असं की अवस्था १ असेल तर क्यूबिट ५० टक्के शक्यतेने निसटून जातो. ० असेल तर कधीच नाही. तो निसटला नाही. म्हणजे १ असण्याचा संशय कमी झाला आणि मिश्रण ० कडे झुकलं. आता ० आणि १ यांची अदलाबदल करा आणि तेच अर्धवट मापन पुन्हा करा. याही वेळी निसटला नाही, तर जितकी काट आधी एका बाजूला बसली होती तितकीच आता दुसऱ्या बाजूला बसली. प्रमाण मूळचं झालं. शेवटी पुन्हा अदलाबदल केली की जुनी अवस्था हातात, ती काय होती हे एकदाही न कळता.

दोन्ही वेळा न निसटण्याची शक्यता इथे ५० टक्के. पहिलं मापन ९० टक्के ताकदीचं असतं तर फक्त १० टक्के. १०० टक्के ताकदीचं, म्हणजे पूर्ण मापन, तर शून्य. आणि खरी मेख अशी की ही शक्यता मूळ अवस्थेवर अजिबात अवलंबून नाही. ती असती तर यश-अपयशावरूनच मूळ अवस्थेबद्दल काहीतरी कळलं असतं. पहिल्या मापनाने जे कळलं होतं ते दुसऱ्याने काटून टाकलं. ज्ञान परत दिलं तरच अवस्था परत मिळते.

येल विद्यापीठातला २०१९ चा 'क्वांटम उडी अर्ध्यावर पकडून मागे फिरवली' हा प्रयोग याच घराण्यातला, पण नेमका हाच नव्हे. तिथे संपलेलं मापन उलटवलं नव्हतं. उडी चालू असतानाच इशारा ओळखून ती परतवली होती.

८. नोंद डिलीट केली की मापन रद्द झालं, असं म्हणता येईल का?

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चुकून गेलेला मेसेज 'सर्वांसाठी डिलीट' करणाऱ्याला विचारा. ग्रुपवरून मेसेज गेला, पण तोवर चौघांनी वाचला, एकाने स्क्रीनशॉट काढला आणि तिघांनी बायकोला सांगितलं. मापनाचंही तसंच. उपकरणाची मेमरी कोरी केली तरी त्या उत्तराच्या खुणा हवेच्या रेणूंत, बाहेर गेलेल्या उष्णतेत, भिंतीवर आदळलेल्या फोटॉनांत उरतात. मापन रद्द करायचं तर ह्या सगळ्या खुणा एकूण एक गोळा करून उलटवाव्या लागतील. एक जरी बाहेर राहिली तरी सुपरपोझिशन परत येत नाही.

पुसण्याची किंमतही मोजावी लागते. १९६१ मध्ये रॉल्फ लँडाउअरने दाखवलं की एक बिट पुसताना किमान काही उष्णता बाहेर टाकावीच लागते. खोलीच्या तापमानाला ती सुमारे ३ × १०⁻²¹ ज्यूल भरते. आकडा नगण्य आहे, पण दिशा बघा. पुसणं म्हणजे खूण नष्ट होणं नव्हे, ती आसपास ढकलणं.

खुणा पसरण्याच्या ह्या प्रक्रियेला डिकोहिअरन्स म्हणतात. १९७० मध्ये झे यांनी आणि पुढे झुरेक यांनी तिचा पाया घातला. १९९६ मध्ये सर्ज अरोश यांच्या पॅरिसमधल्या गटाने ती घडताना पाहिली: सुपरपोझिशनमधल्या दोन अवस्था एकमेकींपासून जितक्या वेगळ्या, तितकं ते लवकर मोडलं.

९. क्वांटम इरेझरमध्ये तर मापन नंतर पुसतात आणि भूतकाळ बदलतो म्हणे. व्हिडिओ पाठवू का?

नको, आलाय. अनेकदा.

कल्पना १९८२ मध्ये स्कली आणि ड्र्यूल यांची. गाजलेला प्रयोग २००० साली प्रसिद्ध झालेला, किम, शी, स्कली आणि सहकाऱ्यांचा. दोन फटींच्या मागे फोटॉनांची गुंतलेली जोडी, म्हणजे ज्यांची उत्तरं एकमेकांशी बांधलेली असतात अशी, तयार होते. एक फोटॉन पडद्याकडच्या डिटेक्टरवर जातो, दुसरा लांबच्या वाटेने सुमारे ८ नॅनोसेकंद उशिरा पोहोचतो. दुसऱ्यावरून एक तर 'कोणत्या फटीतून' हे कळतं, नाहीतर ती माहिती कायमची पुसली जाते. पुसलेल्या जोड्याच वेगळ्या काढल्या तर पहिल्या फोटॉनांत उजळ-अंधारे पट्टे (दोन्ही फटींतून आलेल्या लहरी मिसळल्याची खूण) दिसतात.

व्हिडिओत जे सांगत नाहीत ते असं: पडद्यावर एकूण चित्र नेहमीच सपाट असतं. दुसऱ्या फोटॉनचं काहीही झालं तरी सपाट. पट्टे दिसतात ते नंतर दोन्हीकडच्या याद्या ताडून, जोड्या निवडून. 'पुसलेल्या' जोड्यांतही दोन गट पडतात. एकाचे उजळ पट्टे जिथे, तिथे दुसऱ्याचे अंधारे. दोन्ही गट एकत्र केले की पुन्हा सपाट. पडद्यावर उमटलेला एकही ठिपका मागाहून हलत नाही. बदलते ती आपली वर्गवारी. आणि प्रश्न ८ च्या भाषेत सांगायचं तर पहिल्या फोटॉनची नोंद इथे कोणी पुसलेलीच नसते. पुसली जाते ती जोडीदाराकडची खूण, आणि तीही सांगडीच्या टप्प्यावर.

१०. व्हीलरचा 'उशिरा निवड' प्रयोग वेगळा आहे का?

थोडा. तिथे एकच फोटॉन, आणि तो इंटरफेरोमीटरमध्ये शिरल्यावर ठरवायचं की शेवटचा अर्धपारदर्शक आरसा ठेवायचा की नाही. १९७८ ची कल्पना. २००७ मध्ये फ्रान्समध्ये ४८ मीटर लांबीच्या इंटरफेरोमीटरवर झाली. फोटॉनने 'आधी ठरवलं होतं आणि मग मत बदललं' असं मानलं तरच कोडं पडतं. वाटेत नोंद नाही, म्हणून ठरलेलं काही नाही. बाकी प्रश्न ९.

११. गुंतलेल्या जोडीतला एक कण नाशिकला, एक मुंबईला. आधी ज्याने मोजलं त्याच्यामुळे दुसऱ्याचा ठरतो ना?

'आधी' कोणाच्या घड्याळाने? नाशिक-मुंबई सरळ रेषेत अंदाजे १४० किलोमीटर. प्रकाशाला जायला सुमारे अर्धा मिलिसेकंद लागतो. दोन्ही मापनं त्याहून कमी अंतराने झाली, तर आधी कोणतं हे सर्वांसाठी एकच नसतं. स्टेशनावर उभ्या माणसासाठी दोन्ही अगदी एका क्षणी झाली असं धरा. पंचवटी एक्सप्रेसने ताशी १०० किलोमीटरने मुंबईकडे निघालेल्यासाठी मुंबईचं मापन ४० पिकोसेकंदांच्या आसपास आधी होतं. परतीच्या गाडीत बसलेल्यासाठी नाशिकचं. दोघेही बरोबर.

क्वांटमचं गणित इथे अडखळत नाही, कारण दोन कणांवरची मापनं कम्यूट होतात: नाशिक आधी धरा की मुंबई, जोडीच्या उत्तरांच्या शक्यता त्याच येतात. म्हणून 'ह्याच्या मापनाने त्याची अवस्था कोसळली' हे वाक्य हिशेबाची सोय म्हणून चालतं, घटनेचं वर्णन म्हणून नाही. जिनिव्हात २००२ मध्ये मुद्दाम दोन्हीकडची उपकरणं अशी 'हलती' ठेवली की प्रत्येकाच्या दृष्टीने आपलंच मापन आधी व्हावं. परस्परसंबंध तसेच राहिले.

यातून संदेश पाठवता येत नाही. नाशिकला बसून फक्त निम्मे-निम्मे दिसतात. आणि तरी हे संबंध आधीच खिशात ठेवलेल्या उत्तरांनी समजावता येत नाहीत, हे १९६४ मध्ये जॉन बेलने दाखवलं. त्याच्या प्रायोगिक कसोट्यांसाठी आस्पे, क्लाउझर आणि झाइलिंगर यांना २०२२ चं नोबेल मिळालं.

१२. भविष्यातल्या मापनाचा आजच्या उत्तरावर परिणाम होतो, असं सूत्र आहे का?

सूत्र आहे, परिणाम नाही. १९६४ मध्ये अहरोनोव, बर्गमन आणि लेबोविट्झ यांनी काळाच्या दोन्ही दिशांना सारखं दिसणारं सूत्र दिलं: सुरुवातीची अवस्था आणि शेवटचं उत्तर दोन्ही माहीत असताना मधल्या मापनाची शक्यता किती? उदाहरण घ्या. सुरुवात 'वर', शेवट 'उजवा'. मध्ये उभा स्पिन मोजला असेल तर तो शंभर टक्के 'वर' आला असणार. आडवा मोजला असेल तर शंभर टक्के 'उजवा'. एकमेकांशी न पटणाऱ्या दोन राशी, दोन्ही खात्रीच्या!

'असणार' या शब्दाकडे लक्ष द्या. हे भाकीत नाही, मागाहून केलेली निवड आहे. शेवट 'उजवा' न आलेले सगळे कण आपण फेकून दिले. आपल्याला सुरुवात ठरवता येते पण शेवट ठरवता येत नाही, फक्त निवडता येतो. नेहमीच्या नियमातला काळाचा एकतर्फीपणा बराचसा इथून येतो. याच वाटेने पुढे १९८८ मध्ये अहरोनोव, अल्बर्ट आणि वाईडमन 'दुर्बल मापना'पर्यंत पोहोचले, जिथे अर्धा स्पिन असलेल्या कणाचं उत्तर १०० सुद्धा येऊ शकतं. त्या आकड्याचा अर्थ काय, यावर अजून भांडणं आहेत.

१३. सारखं सारखं मोजलं तर कण बदलायचाच थांबतो?

बऱ्याच अंशी, हो. १९७७ मध्ये बैद्यनाथ मिश्र आणि केरळचे ई. सी. जी. सुदर्शन यांनी याला झेनोचं, म्हणजे 'उडता बाण प्रत्येक क्षणी स्थिरच असतो' असं म्हणणाऱ्या ग्रीक तत्त्वज्ञाचं, नाव दिलं. १९९० मध्ये वाइनलँड यांच्या गटाने सुमारे ५००० बेरिलियम आयनांवर ते तपासलं. एका स्पंदाने आयन एका पातळीतून दुसरीत पूर्ण जायला २५६ मिलिसेकंद. मध्ये काहीच न मोजता शेवटी बघितलं तर सगळे गेलेले. मधल्या वेळात सारख्या अंतराने ६४ मापनं केली, आणि प्रत्येक मापन क्षणात होतं असं धरलं, तर सिद्धांताप्रमाणे जेमतेम ३.७ टक्के, आणि प्रयोगातही बदल जवळजवळ थांबलेला दिसला. एकाच राशीचं मापन पुन्हा पुन्हा आणि मध्ये न पटणारी हालचाल: प्रश्न २ चंच हे ताणलेलं रूप. किरणोत्सारी पदार्थ मात्र असा टक लावून थांबवता येत नाही. त्यासाठी मापनं अशक्य वाटावीत इतक्या घाईने करावी लागतील.

१४. एमएस्सीच्या पुस्तकात 'टाइम ऑर्डरिंग ऑपरेटर' आहे. तो हाच क्रम का?

नाही. डायसनच्या मालिकेतला तो क्रम हॅमिल्टोनियनचा, म्हणजे अवस्था काळाबरोबर कशी बदलते ते ठरवणाऱ्या ऊर्जेच्या ऑपरेटरचा. वेगवेगळ्या क्षणांचे हॅमिल्टोनियन एकमेकांशी कम्यूट होत नाहीत म्हणून नंतरचे डावीकडे लिहायचे, इतकंच. तिथे मापन कुठेच नाही आणि सगळं उलटवता येण्याजोगं आहे. उलटवताना क्रम उलटा धरायचा.

१५. निसर्गात काळाची सममिती मोडते असं वाचलं. मापन न उलटण्याचं कारण तेच का?

तेही नाही. १९६४ मध्ये केऑन कणांत सीपी सममिती (कणाऐवजी प्रतिकण घेऊन आरशातलं चित्र पाहिलं तरी नियम तेच राहणं) मोडलेली दिसली आणि २०१२ मध्ये बी-मेसॉनांत काळाची सममिती मोडल्याचं थेट दाखवलं गेलं. ते क्षीण आंतरक्रियेचे नियम, आणि ते नियमसुद्धा फॉन नॉयमनच्या पहिल्या प्रकारात बसतात (प्रश्न ६). चांदीचा अणू काचेला चिकटतो त्यात त्यांचा हात नाही.

१६. क्वांटम सर्किटमध्ये मधलं मापन शेवटी ढकललं तरी उत्तर तेच येतं. मग क्रमाचं काय राहिलं?

मधलं मापन काढून त्याच्या जागी एक जादा क्यूबिट लावता आणि त्याच्याशी सांगड घालता. म्हणजे पहिली पायरी जिथल्या तिथेच राहते, फक्त नोंदीची पायरी शेवटी जाते. मधल्या उत्तरावर अवलंबून पुढे काही करायचं असेल तर ते त्या जादा क्यूबिटच्या नियंत्रणाखाली करायचं. सांगडीची जागा बदलून बघा. शक्यता लगेच बदलतील. लॅपटॉपवरच्या कुठल्याही सिम्युलेटरवर तीन क्यूबिटांत हे दिसतं. आणि जादा क्यूबिट अजून कोणी वाचला नसेल तर सांगड उलटवताही येते.

१७. मापन करणारा माणूसच प्रयोगात घातला तर? विग्नरच्या मित्राचं मापन उलटवता येईल?

१९६१ मध्ये विग्नरने कल्पना केली की मैत्रीण (प्रश्नातला 'मित्र' तो हाच) बंद प्रयोगशाळेत मापन करते आणि विग्नर बाहेरून अख्ख्या प्रयोगशाळेचं वर्णन श्रोडिंगरच्या समीकरणाने करतो. १९८५ मध्ये डेव्हिड डॉइचने पुढचं पाऊल टाकलं: विग्नरला तत्त्वतः सगळं उलटवता येईल, मैत्रिणीच्या आठवणीसकट. तिने आधी एक चिठ्ठी बाहेर सरकवली, 'मला एक निश्चित उत्तर दिसलं', पण कोणतं ते लिहिलं नाही, तर उलटवणं बिघडत नाही. उत्तर लिहिलं तर बिघडतं (प्रश्न ८). उलटवल्यावर चिठ्ठी तिच्याच अक्षरातली, आणि तिला काहीच आठवत नाही.

इथून पुढे पंथ वेगळे होतात. अनेक-विश्ववाले (मापनाची सगळी उत्तरं वेगवेगळ्या शाखांत खरी ठरतात असं मानणारे) म्हणतात, हे व्हायलाच हवं. १९८६ ची गिरार्डी-रिमिनी-वेबर योजना म्हणते, इतकी मोठी वस्तू आधीच स्वतःहून कोसळेल, उलटवणं फसेल. म्हणजे हा निव्वळ मतांचा वाद नाही, प्रयोगाने सुटू शकणारा आहे. २०१९ मध्ये सहा फोटॉनांवर असा एक प्रयोग झाला, पण फोटॉनला 'मित्र' म्हणणं मला तरी ओढूनताणून वाटतं.

१८. आधी-नंतर हेच सुपरपोझिशनमध्ये ठेवता येतं का?

दोन क्रियांपुरतं, हो. २०१३ मध्ये किरिबेला आणि सहकाऱ्यांनी 'क्वांटम स्विच' सुचवला: एक क्यूबिट ० असेल तर आधी पहिली क्रिया मग दुसरी, १ असेल तर उलट, आणि तो क्यूबिट दोन्हींच्या मिश्रणात. २०१५ मध्ये व्हिएन्नात एकेका फोटॉनवर तो चालवून दाखवला गेला. दोन क्रिया कम्यूट होतात, का क्रम बदलल्यावर चिन्ह उलटतं, हे प्रत्येक क्रिया एकदाच वापरून त्यात कळतं. क्रम ठरलेल्या सर्किटला एक क्रिया दोनदा लागते.

पण त्या क्रियांमध्ये मापन घालता येईल का, हा अड्ड्यावरचा खरा प्रश्न होता. २०१७ मध्ये व्हिएन्नातच एका क्रियेत मापन घातलं गेलं, एका अटीवर: उत्तर फोटॉनच्याच वाटेत सोबत न्यायचं आणि दोन्ही क्रिया आटोपल्यावरच वाचायचं. मध्येच वाचलं असतं तर ते कधी नोंदलं गेलं यावरून आधी कोणती क्रिया झाली ते उघड झालं असतं, आणि क्रमाचं मिश्रण मोडलं असतं.